गेलेल्यांची ठेव

"वारलंय कोण कोण तुमच्या घरात?"

सिल्वासाजवळ डोकमर्डीत खोली बघायला गेलो तेव्हा बाईंनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. इतर घरमालक पगार विचारतात, लग्न झालंय का विचारतात, खोलीत मटण शिजवणार का हे आडून आडून विचारतात. मी शहाद्याकडचा, नरोलीतल्या एका धाग्याच्या कंपनीत डिस्पॅचला नुकताच लागलेला. बाकीची उत्तरं मी पाठ करून गेलो होतो, या प्रश्नाचं नव्हतं. गोंधळून म्हणालो, आजोबा. तर लगेच पुढचा प्रश्न, तिथी कोणती? ती मला कुठली ठाऊक असायला. बाईंनी मला तिथंच उभं करून घरी फोन लावायला लावला. आई घाबरली. "काय व्हयनं रे तुले? आजानी तिथी काब्रं इचारी ऱ्हायना?" असं तिनं दोनदा विचारलं. मग सांगितलं, माघ शुद्ध नवमी. बाईंनी ती एका कार्डावर लिहून घेतली, आजोबांचं नाव आणि गाव लिहून घेतलं, त्यांना खायला काय आवडायचं तेही लिहून घेतलं आणि मग भाडं सांगितलं. भाडं आजूबाजूच्या मानानं कमी होतं म्हणून मी जास्त खोलात शिरलो नाही.

बाई मूळच्या देवगडकडच्या. सिल्वासातल्या मराठी शाळेत त्यांनी जन्मभर गणित शिकवलं, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर जो तो देवदर्शनाला निघतो तेव्हा त्यांनी सुरंगीच्या रस्त्याला भाड्याच्या जागेवर एक पत्र्याची शेड घातली. कारखाने वाढले तसे ट्रक वाढले, आणि ट्रक वाढले तशी रस्त्याकडेला मोडून पडलेली जनावरं वाढली. तीन पायांची, आंधळी, म्हातारी झाली म्हणून सोडून दिलेली अशी चाळीस-पंचेचाळीस कुत्री तिथं असायची. शिवाय सात-आठ मांजरं, एक गाढव, आणि शिंग मोडलेला एक बैल. तो बैल बाईंशिवाय कुणालाही जवळ येऊ देत नसे. शेडवर दिवसरात्र राहायला सुरंगीचाच लखमाभाई होता, चाळिशीचा, दिवसाकाठी दहा-बारा शब्द बोलणारा. गुजराती शेजाऱ्यांपासून बँकेतल्या शिपायापर्यंत सगळं गाव त्यांना नुसतं "बाई" म्हणायचं.

असली शेड चालवणं म्हणजे रोज सकाळी उठून पैशाच्या मागं धावणं, हे मला तिथं कळलं. लोक द्यायचे नाहीत असं नाही. जखमी कुत्र्याचा फोटो फिरला की आठवडाभर पैसे येत. तेही त्या एकाच कुत्र्यासाठी, ते बरं झालं का ते कळवा अशा निरोपासकट. संक्रांतीला लोक तिळगुळाचे डबे आणून देत, जे कुत्र्यांना चालत नाहीत. थंडीत जुन्या साड्या येत. वाढदिवसाला मुलं बिस्किटांचे पुडे आणून फोटो काढून जात. पण शेडचं भाडं, लखमाभाईचा पगार, बोअरच्या मोटरचं वीजबिल आणि तांदळाच्या कणीची पोती यांचा फोटो कोण काढणार? "कुत्रं बघून माणसाला दया येते," बाई म्हणायच्या, "कुत्र्याच्या लाइटबिलाची दया कुणालाच येत नाही."

म्हणून त्यांनी कायम तिथी काढली. देवस्थानात आणि वृद्धाश्रमात ही पद्धत असतेच. एकदा ठरावीक रक्कम द्यायची, ती बँकेत ठेव म्हणून राहते, आणि तिच्या व्याजातून दरवर्षी तुमच्या माणसाच्या तिथीला जेवण घातलं जातं. मुद्दलाला हात लावायचा नाही, ते कायमचं. बाईंनी तीच पद्धत कुत्र्यांना लावली. सुरुवातीला लोक हसले असणार. पण बाई घरोघर जाऊन बसत, चहा घेत, गेलेल्या माणसाची चौकशी करत, आणि गेलेल्या माणसाबद्दल तासभर ऐकून घेणारं कुणी भेटलं की लोकांचा हात आपोआप सैल होई. अशी एकतीस कार्डं त्यांच्याकडे जमली होती. व्याजाचे दर खाली आले, कणी महाग झाली, आणि ठेवीच्या व्याजात तिथीचं जेवण बसेनासं झालं, तेव्हा वरचे पैसे बाई पेन्शनमधून घालत. मी एकदा म्हणालो, बाई, तुम्ही गणिताच्या, हे गणित बसत नाही हे तुम्हाला कळायला हवं होतं. त्यावर त्या म्हणाल्या की कळलं होतं, पण शब्द आधी देऊन बसले होते.

तिथीच्या दिवशीचा थाट बघण्यासारखा असे. कणीच्या भातात त्या दिवशी दूध किंवा अंडी पडत. थाळ्या मांडून झाल्या की बाई मधोमध उभ्या राहत आणि वर्गात हजेरी घेतात तशा आवाजात गेलेल्या माणसाचं पूर्ण नाव आणि गाव सांगत. मग हात वर करत आणि कुत्री तुटून पडत. त्यानंतर येई आवडीचा पदार्थ. तो केलाच पाहिजे असा त्यांचा नेम होता, पण गेलेल्यांच्या आवडीनिवडी कुत्र्यांच्या पोटाला सोसणाऱ्या थोड्याच असतात. कुणाला फाफडा-जिलेबी आवडायची, कुणाला कांदाभजी, मामलेदार कचेरीतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थाच्या वडिलांना कडक चहा. ते सगळं माझ्या वाट्याला यायचं. "खा मेल्या, त्यांच्या नावानं खा," म्हणून बाई समोर उभ्या राहत. मी सहा वर्षं त्या खोलीत राहिलो आणि एकतीस कुटुंबांतल्या पितरांच्या जिवावर नऊ किलो वाढलो. फक्त एका आजोबांची आवड तंबाखू होती. ती मात्र बाईंनी कुंपणाबाहेर टाकली.

एकदा एका कारखान्याचे मालक आले होते. चांगली घसघशीत रक्कम द्यायला तयार होते, वर्षभराची कणी निघाली असती. अट एवढीच की दारावर त्यांच्या नावाची पाटी लावायची. बाईंनी विचारलं, तुमच्या घरात कुणाची तिथी आहे? ते म्हणाले, देवाच्या कृपेनं सगळे आहेत, माझंच नाव घाला. बाई म्हणाल्या, इथं जिवंत माणसाचं नाव घेत नाही, तुम्ही जा, मग बघू. त्यांना तो शाप वाटला असावा. चहा अर्धा टाकून गेले. मी डोक्याला हात लावला. बाईंना आपण काही वावगं बोललो असं अजिबात वाटलं नव्हतं, त्या उरलेला चहा बैलाच्या आंबोणात ओतत होत्या.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखंच होतं. त्या थंडीपर्यंत मी ते तसंच नेत आलो होतो.

पौष महिना होता. कुणीतरी धाग्याच्या रिकाम्या खोक्यात घालून अकरा पिल्लं शेडच्या दाराशी ठेवून गेलं. दोन दिवसांत त्यांना रक्ताचे जुलाब सुरू झाले. जनावरांच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि पार्व्हो म्हणाले. पिल्लांमध्ये हा आजार वणव्यासारखा पसरतो. सलाईन आणि इंजेक्शनं वेळेवर मिळाली तर बरीच वाचतात, नाही मिळाली तर एकही नाही. औषधाच्या दुकानाची उधारी आधीच थकली होती आणि दुकानदार हात जोडून म्हणाला की बाई, आता मागचं मिटवल्याशिवाय मला जमणार नाही. त्याचंही चुकत नव्हतं. बाईंची पेन्शन महिन्याच्या विसाव्या तारखेपर्यंत कधीच टिकत नसे. माझ्या खिशात होतं त्यातून एका दिवसाचं सलाईन आलं.

मी म्हणालो, ठेव मोडा. उद्याच्या उद्या बँकेत जाऊ.

"ते पैसे माझे नाहीत."

"मग कुणाचे आहेत?"

"ज्यांचे आहेत त्यांना बोलता येत नाही," बाई म्हणाल्या, "म्हणून मी परस्पर ठरवायचं का?"

मग त्यांनी ठरवलं की गेलेल्यांना विचारता येत नसेल तर त्यांच्या माणसांना विचारायचं. सगळ्या एकतीस घरी. फोन करू म्हटलं तर तेही नाही. म्हणाल्या, ठेव घ्यायला मी त्यांच्या घरी गेले होते, मोडायचं सांगायलाही घरीच जाणार. मी कंपनीत पोटदुखीचं कारण सांगून रजा टाकली आणि गाडी काढली.

तीन दिवस आम्ही फिरलो. सिल्वासा, दादरा, खानवेलच्या रस्त्यानं आतपर्यंत. प्रत्येक दारात बाई एकच वाक्य आधी बोलत: "इतक्या वर्षांत तुमची एकही तिथी मी चुकवलेली नाही, पण आज ठेव मोडू का विचारायला आलेय." लोक चकित होत. एका गुजराती घरातल्या बा आम्हाला जेवल्याशिवाय सोडेनात, अर्धी दुपार तिथं गेली. एकांनी पहिल्यापासूनचा हिशेब मागितला, बाईंनी तो तोंडी सांगितला. एकजण म्हणाले, मोडणारच असाल तर आमचे आम्हाला परत द्या, आणि बाई देते म्हणाल्या. तिघांच्या घरी कुलूप होतं, तिथं दोन-दोन खेपा झाल्या. बाकी कुणी नाही म्हणालं नाही. नाही म्हणणार नाहीत हे मला पहिल्या दारातच दिसलं होतं, आणि म्हणूनच माझं डोकं तापत चाललं होतं.

कारण संध्याकाळी शेडवर आलो की लखमाभाई दारातच उभा असे. पहिल्या दिवशी त्यानं एक बोट दाखवलं. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. शेडच्या मागं त्यानं खड्डा करून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. मी बाईंना म्हणालो, तुम्ही मेलेल्यांचा मान राखताय आणि इकडे जिवंत जीव मरतायत, याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा. आयुष्यात मी कुठल्याच मोठ्या माणसाशी तसा बोललो नव्हतो. बाई एका पिल्लाच्या तोंडाला ओला बोळा लावत बसल्या होत्या. तो बोळा पुन्हा पाण्यात बुडवला. मग म्हणाल्या, उद्या लवकर निघू.

तिसऱ्या दिवशी निघण्याआधीच चौथं गेलं.

शेवटचं दार नरोलीत होतं. बिहारकडचा माणूस, प्लास्टिकच्या कारखान्यात मशीनवर, रात्रपाळीचा. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या बोनसमधून आईच्या नावानं तिथी ठेवली होती. एका ओळीत दहा खोल्या, प्रत्येकीत सहा-सात माणसं, दोरीवर कपडे. तो झोपला होता. बरोबरच्यांनी त्याला उठवलं. बनियनवरच बाहेर आला, बाईंना बघून आत गेला, शर्ट घालून पुन्हा आला आणि बाईंसाठी रंगाच्या डब्यावर टॉवेल अंथरला. बाई बसल्या नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी आपलं वाक्य त्यांच्या कोकणी हिंदीत म्हटलं. एक भी तिथी हमने चुकाया नहीं, लेकिन आज तुम्हारे आई का पैसा मोडने को पूछने आया है.

तो अगदी संकोचून म्हणाला, "मैडमजी, बुरा मत मानिएगा. तिथि तो तीनों साल गलत हुई."

बाईंचा चेहरा पाहवेना. त्यांनी पिशवीतून कार्ड काढलं. अगहन बदी पंचमी, असं त्यानं सांगितलं होतं. अगहन म्हणजे मार्गशीर्ष हे बाईंना माहीत होतं, म्हणून त्यांनी मार्गशीर्ष वद्य पंचमी लिहिली आणि भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरात बघून तीन वर्षं त्या दिवशी जेवण घातलं. पण आपला महिना अमावास्येला संपतो आणि त्यांचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांचे महिने जुळतात, वद्य पक्षात त्यांचा आपल्यापेक्षा एक महिना पुढं असतो. त्याची अगहन बदी पंचमी आपल्या कार्तिकातच येऊन जाते. म्हणजे त्याच्या आईचं जेवण दरवर्षी बरोबर एक महिना उशिरा पडत होतं. गणिताच्या बाईंना हे समजायला बोटांवर मोजावंसुद्धा लागलं नाही.

सांगितलं का नाहीस, असं त्यांनी विचारलं.

तो म्हणाला, पहिल्या वर्षी खऱ्या दिवशी तो शेडवर गेला होता, तर तिथं रोजचाच भात चालू होता. त्याला कळलं काय झालं ते. बरोबर रोट्या होत्या, त्या त्यानं लखमाभाईच्या हाती दिल्या आणि परत आला. पुढच्या महिन्यात सहज डोकावला तर बाई मोठ्यानं त्याच्या आईचं नाव घेत होत्या. गावात घर विकलं गेलं होतं, भाऊ दिल्लीला, तिथं आता ते नाव कुणी घेत नव्हतं. मग त्यानं ठरवलं, राहू दे. आपल्या दिवशी आपण रोट्या देऊ, बाईंच्या दिवशी बाई देतील.

"और पैसा? पैसा मोडूं क्या?" बाईंनी विचारलं.

त्याला त्या प्रश्नाचं नवल वाटलेलं दिसलं. "इसमें पूछना क्या है, मैडमजी. अम्मा के सामने कोई भूखा बैठता तो वो पूछती नहीं थीं. अपनी थाली सरका देती थीं."

बाईंनी कार्ड पिशवीत ठेवलं. त्याला नमस्कार केला. गाडीपर्यंत आल्या, पण बसल्या नाहीत. गाडीच्या सीटवर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मग तीन दिवस मी कुणाला विचारत फिरत होते रे?"

या प्रश्नाचं उत्तर मी तीन दिवस दातांखाली धरून ठेवलं होतं. कुणालाच नाही, बाई, स्वतःच्या मानासाठी फिरत होतात, असं ते उत्तर होतं. पण त्या सीटवरची धूळ उगाच हातानं पुसत होत्या, आणि मला एकदम त्यांची इतकी माया आली की उत्तर कुठल्या कुठं गेलं. मी म्हणालो, बाई, अजून सात आहेत, चला. आणि त्या बसल्या.

बँक बंद व्हायला अर्धा तास होता. ठेव मोडण्याचा फॉर्म मी भरला, बाईंनी सह्या केल्या. संध्याकाळी सात सलाईनच्या बाटल्या शेडच्या आढ्याला टांगलेल्या होत्या. सातही वाचली. चार गेली ती गेली.

ती ठेव बाईंनी पेन्शनमधून थोडी थोडी करून पुन्हा भरली, दीड वर्षं लागलं. जेवणं थांबली नाहीत. त्या बिहारी माणसाच्या आईचं जेवण आता दोनदा होऊ लागलं, कार्तिकातही आणि मार्गशीर्षातही. मी म्हटलं, मार्गशीर्षातलं बंद करा आता. बाई म्हणाल्या, तीन वर्षं जेवून सवय झाली असेल. त्या चार पिल्लांबद्दल मात्र त्या एकदाच बोलल्या. भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, लोक मला प्रामाणिक म्हणतात, तो प्रामाणिकपणा त्या चौघांना महाग पडला, आता जरा कमी करीन म्हणते.

मला काही तो कमी होईलसं वाटत नव्हतं. पण ठेव पुरी भरली त्याच्या पुढच्या वैशाखात बोअरची मोटर जळली. पत्र्याची शेड, अंगाची लाही करणारं ऊन, पन्नासेक जनावरं आणि थेंबभर पाणी नाही. बातमी आली तशा बाई चप्पल घालून बँकेत गेल्या आणि कुणाला न विचारता ठेवीतून मोटरचे पैसे काढले. दुपारी चारला नवी मोटर बसली, पाणी आलं, बैलानं हौदात तोंड घातलं. मी सुस्कारा सोडला आणि चहा ठेवला. तर बाई पदर खोचून दारात. गाडी काढ म्हणाल्या.

आता कुठं?

"सांगायला नको का सगळ्यांना?"

त्या संध्याकाळी आणि पुढच्या दोन दिवसांत आम्ही पुन्हा सगळी दारं फिरलो. फरक एवढाच की या वेळी जनावरं पाणी पिऊन गार बसली होती आणि बाई घाम पुसत उन्हात. शेवटी नरोलीला आलो. तो पाळीवर निघायच्या तयारीत होता, डबा हातात. बाईंना बघून थांबला. बाईंचं जुनं वाक्य आता चालण्यासारखं नव्हतं, त्यामुळे त्या क्षणभर अडखळल्या. मग म्हणाल्या की तुम्हारे आई का पैसा मोड दिया, पूछा नहीं, पानी का मोटर जल गया था.

त्यानं डबा खाली ठेवला. आतून पाण्याचा तांब्या आणला, बाईंच्या हातात दिला आणि त्यांचं पाणी पिऊन होईपर्यंत उभा राहिला.

"अच्छा किया," तो म्हणाला. "अम्मा को हम बता देंगे."